कळ मनातली नव्हती



स्त्रियांचं दाढा-जबड्याचं दुखणं बहुतेक मानसिक असतं, हे गेल्या अंकातल्या पत्रातलं विधान मला मान्य नाही. माझ्या आईच्या उजव्या गालात वीज चमकावी तशी कळ येई. चूळ भरताना, नुसता वारा लागला तरी. दोन चांगल्या दाढा काढून झाल्या, कळ तशीच. ‘वयाचं आहे, मन रमवा,’ असा सल्लाही मिळाला. अखेर निदान झालं ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचं. चेहऱ्याच्या नसेचा हा आजार स्त्रियांतच जास्त आढळतो. फिट्सवरच्या कार्बामाझेपिन गोळीने आई पुन्हा भाकरी चावू लागली.

जबड्याच्या सांध्याचं दुखणंही स्त्रियांत अधिक. अमेरिकेतल्या ‘ऑपेरा’ अभ्यासात मात्र ते नव्याने सुरू होण्याच्या प्रमाणात स्त्री-पुरुषांत थोडाच फरक दिसला. स्त्रियांत ते टिकून का राहतं, हे शोधायला हवं. पाळी गेल्यावर काहींची जीभ पोळल्यासारखी जळते. तोंड आतून निरोगी दिसतं म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. क्लस्टर डोकेदुखी पुरुषांत जास्त. डोळ्यामागची ती कळ ‘पुरुषांच्या मनाचे खेळ’ म्हणून झटकलेली मी तरी ऐकलेली नाही.

– एक वाचक, सातारा