पर्समधलं पिस्तूल

परवा मावसभावाचा फोन. "ताई, तू वैशाखऱ्याला एकटी जातेस-येतेस, पर्समध्ये एक रिव्हॉल्व्हर ठेव." हा पुण्यात बसून बोलतो!

तर मंडळी, बायकांसाठीचं असं रिव्हॉल्व्हर खरंच निघालं होतं. 2014 साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' आणलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, दागिन्यांसारख्या पेटीत घालून. दिल्लीच्या 2012 च्या त्या घटनेनंतर बाईला काय मिळालं, तर पेटी!

बरं, 2016 च्या नियमांप्रमाणे परवान्याचं पिस्तूल बाहेर नेताना झाकूनच न्यायचं. म्हणजे पर्सच्या तळाशी, किल्ल्या आणि कंगव्याखाली. माळशेजच्या रस्त्यावर उतरून अंधारात पाड्याकडे निघालेली बाई ते काढणार कधी?

आणि रोखणार कोणावर? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे दरवर्षी तेच सांगतात... बलात्काराच्या दहातल्या नऊहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक. त्याला आपणच चहा दिलेला असतो. शिवाय पिस्तूल घरात आलं की कपाटाची किल्ली कोणाकडे राहील, हेही मी सांगायला नको.

आमच्याकडच्या बायका लाकडं आणायला जातात तेव्हा हातात कोयता असतोच. शेतीचं अवजार, त्याला परवानाही लागत नाही. तरी संध्याकाळी एकटी कोणी परतत नाही. चौघीजणी एकमेकींसाठी थांबतात. कोयता असून!

भावाला म्हटलं, सव्वा लाख खर्चायचेच असतील तर फाट्यावर सोलरचे दिवे लावून दे. त्यानंतर त्याचा फोन नाही :)