प्रक्षेपण केंद्र कोठे असावे?

स्फोटकांच्या शेजारी राहणे म्हणजे काय, हे पुलगावकरांना सांगावे लागत नाही. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर येथील केंद्रीय दारूगोळा भांडारात भीषण आग लागली. अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी कर्तव्य बजावताना प्राणांस मुकले. आसपासच्या ग्रामस्थांना रातोरात घरे सोडावी लागली. शेकडो टन ज्वालाग्राही इंधन घेऊन झेपावणाऱ्या अग्निबाणाची जागा निवडताना एवढी चिकित्सा का होते, हे या गावाला म्हणूनच चटकन उमगेल.

चांद्रयानाच्या यशानंतर आपल्या भागातही प्रक्षेपण केंद्र असावे, असे कोणासही वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही जागा प्रादेशिक समतोलाच्या हिशेबाने ठरत नाही. पूर्वेकडे सोडलेल्या अग्निबाणाला पृथ्वीच्या परिवलनाची गती आयती मिळते. विषुववृत्तावर ती सेकंदाला सुमारे ४६५ मीटर असते, पुलगावच्या अक्षांशावर सुमारे ४३५ मीटर. विदर्भाची खरी अडचण समुद्राची आहे. उड्डाणात सुटणारे टप्पे निर्जन जागी पडले पाहिजेत आणि विदर्भाच्या पूर्वेस गावे वसलेली आहेत. कोकणास समुद्र आहे, पण तो पश्चिमेस.

थुंबा आणि श्रीहरिकोटा या जागांच्या शोधात डॉ. विक्रम साराभाईंसमवेत कोल्हापूरचे सुपुत्र डॉ. एकनाथ चिटणीस यांचा मोलाचा वाटा होता. चुंबकीय विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे थुंबा निवडले गेले, तर पूर्वेच्या मोकळ्या समुद्रामुळे श्रीहरिकोटा. तेथून ध्रुवीय कक्षेकडे जाताना मात्र श्रीलंका टाळण्यासाठी वळसा पडतो आणि छोट्या अग्निबाणाची वहनक्षमता घटते. यास्तव तामिळनाडूतील कुलशेखरपट्टणम येथे दुसऱ्या केंद्राची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली. तेथून दक्षिणेस थेट हिंदी महासागरच आहे.

२ एप्रिल २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात आकाशातून धातूचे भलेमोठे कडे कोसळले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. जीवितहानी टळली, ती सुदैवाने. प्रक्षेपण केंद्राची सुरक्षा अशी सुदैवावर सोपवता येत नाही.

मग समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशाने केवळ टाळ्या वाजवाव्यात काय? मुळीच नाही. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरलाही समुद्र नाही, तरीही तेथील कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांचे भाग घडले. विदर्भाने मागणी करायचीच, तर ती सुसज्ज प्रयोगशाळांची, उत्तम विज्ञानशिक्षकांची आणि अचूक यंत्रकाम शिकविणाऱ्या संस्थांची करावी. प्रक्षेपणाची जागा भूगोल ठरवतो. अग्निबाण घडविणारे हात कोठे तयार व्हावेत, हे ठरविणे समाजाच्या हाती आहे.