आकाशांतून उतरणारें पठण

जपानांतील कानाझावा या जुन्या शहराविषयीं, तेथें आकाशांतून ‘उताइ’ उतरते, अशी एक म्हण आहे. उताइ म्हणजे चौदाव्या शतकांत आकारास आलेल्या ‘नो’ नाट्यांतील पठण. माएदा सरदारांच्या आश्रयानें होशो संप्रदायाचें हें पठण तेथें घरोघर रुजलें. झाडावरचा माळी आणि छपरावरचा सुतारहि कामाच्या भरांत तेंच म्हणत. म्हणून ही म्हण.

चिरंजीवांच्या नोकरीनिमित्त आमचा एक हिवाळा तेथें गेला. भाषा येईना; मुलगा आणि सून दिवसभर बाहेर. आम्हांस तोंड उघडण्याचें कारणच उरलें नव्हतें. शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं आम्हांस आळींतील शिकवणीस नेलें. आपला गळा बरा आहे, असा आमचा पूर्वींपासून समज. तेव्हां निःशंकपणें गेलों.

गुडघे मोडून ताठ बसावयाचें, पुढें मिटलेला पंखा ठेवावयाचा. गुरूंनीं एक ओळ म्हणावी, शिष्यांनीं ती तशीच परत करावी. या रीतीचें नांव त्यांनीं पोपटावरून ठेवलें आहे. आमच्या संथेचीच ही बहीण म्हणावयाची. पोथींत अक्षरांशेजारीं तिळाएवढ्या खुणा असतात, परंतु त्यांचा अर्थ गुरुमुखांतूनच घ्यावा लागतो. बारा अक्षरें आठ मात्रांत बसवावयाचीं, आणि आवाज कंठांतून नव्हे, ओटीपोटांतून काढावयाचा.

पहिल्याच दिवशीं आम्हीं ओळीच्या शेवटीं एक लहानशी तान घेतली. गुरु हंसले नाहींत, रागावलेहि नाहींत; त्यांनीं पोटावर हात ठेवून तीच ओळ पुन्हां म्हटली. अशी सात वेळां. खरें सांगावयाचें तर आम्हांस रागच आला.

तथापि खरी परीक्षा समूहपठणाची. रंगमंचावर बहुधा आठ जण एका आवाजांत म्हणतात. त्यांत एक प्रमुख असतो, पण तो हातानें खूण करीत नाहीं; त्याचा श्वास ऐकून इतरांनीं आरंभ करावयाचा. तीस वर्षें घरांत ज्याचा शब्द प्रथम निघाला, त्यास दुसऱ्याच्या श्वासाची वाट पाहणें किती जड जातें, हें आम्हांस तेथें कळलें. सूनबाई कांहीं सांगूं लागली कीं आपण मध्येंच बोलतों, हेंहि तेव्हांच ध्यानांत आलें. त्यापूर्वीं तें कोणीं सांगितलें नव्हतें, कीं आम्हीं ऐकलें नव्हतें, कोण जाणे!

‘ताकासागो’ नाट्यांतील एक उतारा तिकडे लग्नांत म्हणतात. निघण्यापूर्वीं तो आम्ही शिकलों. आमचें ऐकून सूनबाईनेंहि अर्धा पाठ केला आहे. रविवारीं सायंकाळीं आम्ही दोघें तो म्हणतों. आरंभीचा श्वास मात्र तिनें घ्यावयाचा, असें ठरलें आहे.