परिषदा झाल्या, पायरी तशीच राहिली

दरवर्षी 3 डिसेंबर उजाडला की सरकारी कचेऱ्यांतून जागतिक अपंग दिनाचे सोहळे पार पडतात. तीनचाकी सायकलींचे वाटप होते, मंत्रिमहोदयांची छायाचित्रे निघतात. आणि ज्या सभागृहात हा समारंभ होतो, तेथे व्यासपीठावर जाण्यास रॅम्प नसल्यामुळे सत्कारमूर्तीला मात्र चौघांनी उचलून वर न्यावे लागते. उचलणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्याला प्रत्येक पायरीपाशी चार जणांच्या सद्भावनेची वाट पाहावी लागते, तो स्वतंत्र भारताचा स्वतंत्र नागरिक आहे काय?

2015 च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'अपंग' या शब्दाऐवजी 'दिव्यांग' म्हणावे असे सुचविले आणि सरकारी कागदांवर हा नवा शब्द रूढ झाला. शब्द सन्मानाचा असावा हे खरे. परंतु शब्द बदलल्याने पायरीची उंची बोटभरही कमी होत नाही. ज्याला समाजाने दैवी म्हटले त्याचे हक्क मात्र मागे पडले, हा या देशातील स्त्रियांचा अनुभव अपंगांनीही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

अपंगांच्या हक्कांची भाषा भारतीय कायद्यात आली ती आशियाई सहकार्यातून, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात नाही. 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आशिया-पॅसिफिक आयोगाने 1993 ते 2002 हे अपंगांचे दशक म्हणून घोषित केले. त्याच वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बीजिंग येथे भरलेल्या बैठकीत अपंगांचा पूर्ण सहभाग व समानता यांचा जाहीरनामा संमत झाला. भारताने त्यावर सही केली, आणि ती पाळण्यासाठी 1995 चा अपंग व्यक्ती कायदा आला. त्या कायद्याच्या प्रास्ताविकेतच बीजिंगचा उल्लेख आहे. स्वातंत्र्यानंतर 48 वर्षांनी अपंगांना स्वतंत्र कायदा मिळाला, त्यालाही शेजाऱ्यांच्या साक्षीने दिलेल्या वचनाचे निमित्त लागले.

त्यानंतर दशकांमागून दशके जाहीर झाली. 2002 मध्ये जपानमधील ओत्सु येथे बिवाको आराखडा आला, 2012 मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथे दहा उद्दिष्टांचे धोरण मान्य झाले आणि 2022 मध्ये जाकार्ता येथे हे व्रत 2032 पर्यंत वाढविण्यात आले. सरकारांच्या या सहकार्याला मोल नाही असे नाही. मात्र वचननामा आणि गावची पायरी यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते परिषदांनी आजवर कोठेही ओलांडलेले नाही.

ते जेथे ओलांडले गेले, तेथे दुसऱ्याच प्रकारचे सहकार्य कामी आले. 1972 मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या अपंग सहकाऱ्यांनी स्वतंत्र जीवनाचे पहिले केंद्र उभारले. स्वतंत्र जगणे म्हणजे सगळी कामे स्वतःच्या हातांनी करणे नव्हे, हा त्या चळवळीचा मूलमंत्र. किती वाजता उठावे, काय खावे, कोठे राहावे, कोणाशी लग्न करावे याचा निर्णय स्वतः घेणे, आणि तो अमलात आणण्यासाठी लागणारा मदतनीस हक्काने मिळणे, म्हणजे स्वतंत्र जगणे. मदतनीस कोणाचे उपकार म्हणून येत नाही. तो पगारावर येतो आणि त्याला काम सांगणारा स्वतः अपंग असतो.

आशियात या विचाराला जमीन आधीच तयार होती. 1977 मध्ये जपानमधील कावासाकी येथे, चाकाच्या खुर्चीतील प्रवाशाला एकट्याने बसमध्ये घेण्यास नकार मिळाला, तेव्हा मेंदूच्या पक्षाघाताने अपंग झालेल्या कार्यकर्त्यांनी बसगाड्याच अडवून धरल्या. पुढे काही जपानी अपंग तरुण अमेरिकेत जाऊन शिकून आले, आणि 1986 मध्ये शोजी नाकानिशी व त्यांच्या साथींनी टोकियोजवळ हाचिओजी येथे असे केंद्र सुरू केले. घेतलेले ज्ञान त्यांनी घरात कोंडून ठेवले नाही. आशियातील अपंग तरुणांना जपानमध्ये बोलावून शिकविण्याचा क्रम सुरू झाला. असे शिकून गेलेल्यांनी पाकिस्तानात लाहोर येथे काम उभे केले. 2005 च्या भूकंपात कण्याला इजा होऊन शेकडो माणसे अंथरुणाला खिळली, तेव्हा लाहोरचे हे अपंग कार्यकर्ते त्यांच्यापर्यंत पोचले. नेपाळमध्ये काठमांडू येथेही असेच केंद्र निघाले. 2002 मध्ये जपान व थायलंड सरकारांनी बँकॉक येथे या कामाचे प्रादेशिक केंद्र स्थापन केले.

या देवघेवीत दाता आणि याचक असे नाते नव्हते. ज्याने अडचण भोगली आणि तिच्यातून वाट काढली, त्याने ती वाट दुसऱ्या देशातील आपल्या भावंडाला दाखविली. दक्षिण आशियाच्या अडचणी तर एकसारख्याच आहेत. पावसाळ्यातील चिखल, अरुंद गल्ल्या, उकिडवे बसण्याचे संडास, खच्चून भरलेल्या बसगाड्या आणि अपंग मुलाला घरातच ठेवणारे मायाळू कुटुंब, हे लाहोरात आहे, काठमांडूत आहे आणि लातुरातही आहे. युरोपातील नकाशे येथे जसेच्या तसे चालत नाहीत. शेजाऱ्याने शोधलेली तोड मात्र बहुधा चालते.

दुसरा धडा संघर्षाचा आहे. 2001 मध्ये सोलजवळच्या ओइदो रेल्वे स्थानकात चाकाच्या खुर्चीसाठी बसविलेला पाळणा कोसळून एक वृद्ध अपंग स्त्री मृत्युमुखी पडली. तेथील अपंग रस्त्यावर व रुळांवर उतरले आणि 2005 मध्ये प्रवासाच्या सोयीचा कायदा झाला. बँकॉकची उन्नत रेल्वे 1999 मध्ये 23 स्थानकांनिशी सुरू झाली, पण लिफ्ट मोजक्याच स्थानकांवर होत्या. अपंगांनी वर्षानुवर्षे न्यायालयात लढा दिला, तेव्हा 2015 मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने प्रत्येक स्थानकावर लिफ्ट बसविण्याचा आदेश दिला. जागतिक आराखड्यांनी मागणीला शब्द दिले. ती पदरात पाडून घेतली संघटनेने.

भारताचे चित्र काय आहे? 2007 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारास मान्यता दिली, आणि त्यानुसार 2016 चा नवा कायदा आला. अस्तित्वातील सर्व सार्वजनिक इमारती पाच वर्षांत अडथळामुक्त कराव्यात असे त्यात म्हटले होते. ही मुदत जून 2022 मध्ये उलटली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सरकारच्या नियमातील मूळ दोषावरच बोट ठेवले. मानके बंधनकारक करण्याऐवजी ती केवळ मार्गदर्शक ठेवल्याने कायद्याचाच भंग होतो, असे सांगून न्यायालयाने तीन महिन्यांत सक्तीचे नियम करण्याचा आदेश दिला. न पाळल्यास काही होत नाही अशा नियमाला आपल्याकडे सूचना म्हणतात, आणि सूचनांचे ढीग कोणत्याही कचेरीत सापडतात.

याच कायद्याचे पाचवे कलम अपंगाला समाजात राहण्याचा हक्क देते आणि वैयक्तिक मदतनिसाचाही उल्लेख करते, पण त्यासाठी सरकारने 'प्रयत्न करावा' एवढेच म्हणते. या प्रयत्नासाठी किती पैसा हा प्रश्न विचारला की उत्तर मिळते, देश गरीब आहे. या उत्तरामागील अर्थशास्त्र तपासले पाहिजे. 2011 च्या जनगणनेनुसार देशात 2 कोटी 68 लाख अपंग होते, आणि त्यांतील 1 कोटी 86 लाख खेड्यांत राहत होते. त्यांची काळजी आज कोणी घेत नाही असे नाही. आई घेते, बायको घेते, शाळा सोडलेली धाकटी बहीण घेते. हा खर्च देश आजही करतो आहे. फक्त तो बिनपगारी स्त्रियांच्या श्रमातून वसूल होत असल्यामुळे कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. मदतनिसाला वेतन देणे म्हणजे नवा खर्च ओढवून घेणे नव्हे. आजवर लपविलेला खर्च समाजाने आपल्या नावावर घेणे होय. त्यातून अपंगाला मोकळीक मिळते, घरातील स्त्रीला मोकळीक मिळते आणि गावात रोजगार निर्माण होतो. दक्षिण कोरियाने 2011 मध्ये या मदतीचा स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे मात्र 80 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या गरिबाच्या निवृत्तिवेतनात केंद्र सरकारने 2012 मध्ये आपला वाटा ठरविला, तो दरमहा 300 रुपये.

महाराष्ट्राला या विचाराचे बीज परके नाही. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड ही संस्था उभी केली, आणि त्यांच्या 'चाकाची खुर्ची' या आत्मचरित्राने मराठी वाचकाला अपंगत्वाकडे दयेच्या पलीकडे पाहण्यास शिकविले. पण एका संस्थेने राज्याचे कर्तव्य पार पाडावे अशी अपेक्षा करणे हा शासनाचा आळस आहे. एस.टी. अपंग प्रवाशाला भाड्यात 75 टक्के सवलत देते. उंच पायऱ्यांच्या गाडीत जो चढूच शकत नाही, त्याच्या लेखी ही सवलत शून्य आहे. सवलत देणे सोपे, कारण तिने व्यवस्था बदलत नाही. रॅम्प अवघड, कारण त्याने बदलते.

दक्षिण आशियाई देशांच्या सार्क संघटनेची शिखर परिषद 2014 मध्ये काठमांडूला झाली, त्यानंतर ती भरलीच नाही. सरकारांची दारे बंद असली तरी अपंगांच्या संघटनांनी एकमेकांकडून शिकणे थांबविण्याचे कारण नाही. शेजारी देशांतील अपंग कार्यकर्त्यांना व्हिसा सुलभ मिळावा ही मागणी समाजवादी पक्षांनी उघडपणे केली पाहिजे.

आणि घरचे कामही विसरता कामा नये. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या उत्पन्नाचा 5 टक्के भाग अपंगांसाठी खर्च करावा असा दंडक आहे. तो खर्च झाला काय, कशावर झाला, आणि तो ठरविताना एका तरी अपंगाला विचारले काय, हे प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत विचारले गेले पाहिजेत. पक्षाच्या कार्यकर्त्याने हे प्रश्न अपंगांच्या वतीने विचारू नयेत. त्याने अपंग बांधवांसह सभेला जावे, आणि सभेची जागा पायऱ्यांवरून वर असेल तर सभाच खाली, अंगणात भरविण्याचा आग्रह धरावा. प्रश्न ज्यांचा आहे ते बोलतील.