मिस्त्री कशाला आहे मग?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे.

"ब्रेकचं काम घरी करू नये." हे वाक्य मी गेल्या महिनाभरात इतक्या जणांकडून ऐकलं, की आता ते एखाद्या सुभाषितासारखं वाटायला लागलंय. पुण्याचा पुतण्या फोनवर म्हणाला, मेहुण्यांनी निरोप पाठवला, आणि समोरच्या बंगल्यातले वकीलसाहेब तर फाटकात उभं राहून म्हणाले, "सर, मिस्त्री कशाला आहे मग?" आमचा गुन्हा एवढाच, की घरच्या थारचे पुढचे ब्रेक पॅड मी आणि बी.एस्सी.ला असलेल्या माझ्या नातीने मिळून अंगणात बदलले. त्यात तिच्या हाताला काळं लागलेलं पाहून काही नातेवाईक बायकांना तिच्या लग्नाची काळजी पडली. त्यांना उत्तर द्यायची माझी इच्छा नाही. पण वकीलसाहेबांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून हा प्रपंच.

त्यांचा मुद्दा असा : ब्रेक म्हणजे जिवाशी खेळ, तेव्हा ते काम जाणकारानेच करावं. ठीक. आता मला सांगा, गॅरेजमध्ये तुमच्या गाडीचं चाक प्रत्यक्षात खोलतो कोण? उस्ताद खोलतो? अहो, उस्ताद शेजारच्या गाडीच्या इंजिनात डोकं घालून बसलेला असतो. चाक खोलतो तो चौदा-पंधरा वर्षांचा पोट्टा. त्याला नाव नसतं, "ए छोटू" असतं. आपण काउंटरजवळच्या खुर्चीत पेपर वाचत बसतो. आपला जीव, आपल्या बायकापोरांचा जीव आपण त्या पोट्ट्याच्या हातात देतो, आणि याला म्हणायचं जाणकाराकडून काम करून घेणं!

मी चाळीसेक वर्षं मास्तरकी केली. त्या वयाचं पोरगं दिसलं, की मला आधी दिसतो वर्गातला रिकामा बाक. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीने सरसकट बंदी झाली, चौदा ते अठराच्या मुलांना धोक्याच्या कामांतून वगळलं. कागदावर. त्याने पॅड काढले, की तो काय करतो पाहिलंय का कधी? कॉम्प्रेसरचा पाइप घेतो आणि फुस्सकन हवा मारून डिस्कवरची काळी भुकटी उडवतो. ती थेट त्याच्या नाकातोंडात जाते. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. फुप्फुसाचा कॅन्सर होतो त्याने, आणि तोही वीस-तीस वर्षांनी, म्हणजे पोट्टा बाप झालेला असतो तेव्हा. आताच्या पॅडची भुकटी तेवढी वाईट नसेल, पण ती काही हिंगाष्टक चूर्ण नव्हे. घरी आम्ही काय केलं? नाकातोंडाला फडकं बांधलं, डिस्क आणि कॅलिपर ओल्या चिंधीने पुसलं आणि चिंधी पिशवीत बांधून टाकून दिली. हवा मारलीच नाही. एवढं त्या पोट्ट्याला कोणी शिकवलं नाही, कारण त्याला शाळेतून उचलून आणलं तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, की याला आता हात पुरेत.

आणि आपल्या मुलांच्या बाबतीत नेमकं उलट ठरवलं. पास्कलचा नियम आमच्या नातीला तोंडपाठ होता, उदाहरणं सोडवून गुण मिळवलेले. पण नवा जाड पॅड बसावा म्हणून कॅलिपरचा पिस्टन तिने सी-क्लॅम्पने हळूहळू मागे दाबला, आणि बॉनेटखालच्या बाटलीतलं ब्रेक ऑइल वर चढताना दिसलं, तेव्हा ती ओरडली, "आबा, हे तर पास्कल!" मी मराठीचा मास्तर, मला पास्कलचं काय कळतं बापा. पण तो चेहरा मी ओळखतो. वर्गात वर्षातून चारदोनदा दिसायचा.

नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर वर्धा. तिथे २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मग डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीम आकाराला आली. म्हणणं असं, की हस्तोद्योग हा बाजूचा विषय नको, त्याच्यातूनच बाकीचं शिकवा. पुढे कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली. त्याचं आमच्या शाळाशाळांतून काय झालं? थर्माकोलचा ताजमहाल, आईने करून दिलेली कागदी फुलं आणि रंगीत फाइल. तपासनीस खूश. असो.

कोणी म्हणेल, सूत कातणं वेगळं आणि दीड-दोन टनांची गाडी वेगळी. खरंय. म्हणूनच डोळे उघडे हवेत. नातीने हिशेब मांडला : पावणेदोन टनांची गाडी ताशी ऐंशीच्या वेगात असताना एकदा थांबवली, तर जी उष्णता तयार होते तिने सव्वा-दीड लिटर साधं पाणी उकळीला येईल. घरादाराचा चहा! चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना हा चहा वळणावळणाला होतो. त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पीत बसतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा मुरल्यावर ही हमी १५५ वर येते. उकळलं की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल भसकन खाली जातं. आपल्या विदर्भातली काळी माती तर विचारूच नका. पावसाळ्यात गाडी शेताच्या पांदणीत घातली, की चिखल पॅड आणि डिस्कच्या मध्ये शिरतो आणि पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. कॅलिपरच्या पिनांवरची रबरं फाटलेली असली तर पिना गंजून अडकतात आणि एकच पॅड झिजतो. आमच्या गाडीत आतला पॅड तीन मिलिमीटरच्याही खाली गेला होता, बाहेरचा पहा तर चांगला जाड. बाहेरून डोकावणाऱ्याला दिसलं असतं, "अजून चालेल."

उलटंही होतं. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी (नाव घेत नाही) "पॅड संपले" म्हणून बिल लावलं. जुने मागितले तर टाळाटाळ. हट्टाने मिळवले, तर अर्ध्याहून जास्त शिल्लक.

काम मोठं नाही, पण त्याला शिस्त आहे. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. जॅकच्या भरवशावर राहायचं नाही, खाली घोडी हवीच, आणि घोडी म्हणजे विटा नव्हेत! वीट न सांगता फुटते. कॅलिपर रबरी नळीवर लोंबू द्यायचं नाही, तारेने बांधायचं. पॅड दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने कसायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं : गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं. हे विसरलं तर पहिला ब्रेक लागतच नाही आणि गाडी फाटकातून थेट वकीलसाहेबांच्या ओट्यावर.

एक आक्षेप मात्र मला बोचला. "सर, अशाने मिस्त्रीच्या पोटावर पाय येतो." नाही येत. पेडल मऊ लागलं, कुठे ऑइल गळलं, डिस्क तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीखाली गेली, एबीएसचा दिवा लागला, तर मी निमूट उस्तादाकडे जातो आणि घासाघीस न करता पैसे देतो. ती विद्या त्याची. पूर्वी पंचायत समितीच्या जीपचा ड्रायव्हर कडुनिंबाखाली ड्रम उघडून लायनिंग बदलायचा, तरी तालुक्याचा मिस्त्री काही उपाशी मेला नाही.

बरं, नाहीच जमत घरी, गुडघे दुखतात, अंगण नाही, तर निदान इतकं करा. गॅरेजात खुर्चीत बसू नका. चाक निघालं की जवळ जाऊन उभे राहा, जुने पॅड मागून घ्या, त्यांचे पैसे तुम्ही कधीच भरलेले आहेत. पोट्ट्याने हवेचा पाइप उचलला तर थांबवा, ओली चिंधी मागा. मालक चिडेल. मग त्याला त्या पोट्ट्यादेखत विचारा, हा कितवीत आहे म्हणून.