सही दोघांची, शिव्या एकालाच

२०००च्या ऑगस्टमध्ये विन्स्टन बोगार्डे हा डच बचावपटू बार्सिलोना सोडून लंडनच्या चेल्सी क्लबात आला. त्याला घेण्यासाठी चेल्सीला बार्सिलोनाला एक पौंडही द्यावा लागला नाही. पगार मात्र आठवड्याला सुमारे ४० हजार पौंड ठरला, आणि करार चार वर्षांचा. काही आठवड्यांतच प्रशिक्षक जियानलुका विआली यांना नारळ मिळाला, क्लॉदिओ रानिएरी आले, आणि नव्या प्रशिक्षकाच्या हिशेबात बोगार्डेला जागा उरली नाही. चार वर्षांत तो अवघे १२ सामने खेळला. क्लबाने त्याला राखीव आणि तरुण पोरांच्या संघाबरोबर सरावाला पाठवलं, दुसरं घर शोधायला सांगून पाहिलं. तो सरावाला येत राहिला, आणि २००४मध्ये करार संपेपर्यंतचा पगार त्याने घेतला.

आज पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी ‘सर्वांत फसलेली खरेदी’ अशी यादी निघाली की बोगार्डेचं नाव वरच्या ओळींत असतं. लोभी, निर्लज्ज, बसून खाणारा अशी विशेषणं त्याला चिकटली ती सुटली नाहीत. पण त्याने नेमकं केलं काय? लेखी ठरलेला मोबदला, ठरलेल्या मुदतीपर्यंत, कामावर हजर राहून घेतला. करारावर दोघांच्या सह्या होत्या. बोल मात्र एकालाच लागला.

करार पाळणाऱ्या खेळाडूवर तुटून पडणाऱ्यांनी इंग्लिश फुटबॉलचा जुना काळ आठवावा. १९६१पर्यंत तिथे पगाराला कायद्यासारखी कमाल मर्यादा होती. शेवटी ती आठवड्याला २० पौंड होती. साठ हजारांचं मैदान भरवणाऱ्या खेळाडूलाही त्याहून जास्त मिळत नसे. करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी दाबून ठेवू शके, म्हणजे पगार नाही आणि दुसरीकडे खेळायची मोकळीकही नाही. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली तेव्हा पगाराची मर्यादा उठली. न्यूकॅसलमधून बाहेर पडू पाहणारा जॉर्ज ईस्टहॅम कोर्टात गेला, आणि १९६३च्या निकालाने दुसरी बेडी सैल झाली. ती पुरती तुटायला १९९५ उजाडलं. झाँ-मार्क बोस्मान या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की करार संपला की खेळाडू मोकळा आणि जुन्या क्लबाला छदामही देणं नाही.

बोगार्डेचा पगार एवढा का होता, याचं उत्तर याच निकालात आहे. जुन्या क्लबाला द्यायचे पैसे वाचले की त्यातला मोठा वाटा खेळाडूच्या पगारात जातो. त्यामुळे फुकट मिळालेला खेळाडूच पुढे सगळ्यांत महाग पडू शकतो. २०१९मध्ये आरोन रॅम्सी आर्सेनलहून युव्हेंटसला असाच विनाशुल्क गेला. चार वर्षांचा करार होता. दुखापतींनी त्याला धड खेळू दिलं नाही, आणि मुदतीला एक वर्ष बाकी असतानाच क्लबाला करार गुंडाळावा लागला. अलेक्सिस सांचेझची गोष्ट थोडी वेगळी. जानेवारी २०१८मध्ये त्याच्या बदल्यात मँचेस्टर युनायटेडने हेन्रिख म्खितार्यानला आर्सेनलला दिलं, रोख शुल्क नाही. पगाराचे आकडे मात्र आठवड्याला चार लाख पौंडांच्या घरात असल्याचं छापून आलं. ४५ सामने, ५ गोल. त्याला इंटर मिलानकडे उसनं धाडलं तेव्हाही पगारातला वाटा युनायटेडच भरत होतं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ही अवस्था कशी होते, ते जेडन सांचोच्या हिशेबातून नीट दिसतं. २०२१मध्ये युनायटेडने त्याच्यासाठी डॉर्टमुंडला ७ कोटी ३० लाख पौंड दिले. करार पाच वर्षांचा. क्लबाच्या वह्यांत असा खर्च एकदम पडत नाही, कराराच्या वर्षांवर समान विभागून पडतो. म्हणजे तीन वर्षांनंतरही सुमारे २ कोटी ९० लाख शिल्लक दिसतात, आणि त्याखाली विकलं की त्या वर्षीच्या ताळेबंदात सरळ तोटा. खेळ घसरला की बाजारातली किंमत झपाट्याने उतरते, वहीतली मात्र सावकाश, आणि पगार तर जागचा हलतही नाही. २०२४मध्ये सांचो चेल्सीला उसना गेला. मोसमाअखेर त्याला कायमचं विकत घ्यायचं बंधन करारातच होतं. कॉन्फरन्स लीगच्या अंतिम सामन्यात त्याने गोलही केला. तरीही पगारावर मेळ बसला नाही, आणि त्या बंधनातून सुटण्यासाठी चेल्सीने सुमारे ५० लाख पौंड भरून त्याला परत पाठवल्याच्या बातम्या आल्या.

मग क्लब दुसरा मार्ग धरतात, आणि तो अधिक चीड आणणारा आहे. २०२५मध्ये चेल्सीने रहीम स्टर्लिंग आणि अॅक्सेल डिसासी यांना मुख्य संघापासून वेगळं काढून सरावाला लावलं. तेव्हाचे प्रशिक्षक एन्झो मारेस्का यांना विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या वडिलांचा दाखला दिला. वडील पन्नास वर्षं मासेमारी करत, रात्री दोनला निघत, सकाळी दहापर्यंत काम करत. खडतर आयुष्य ते, खेळाडूंचं नव्हे. त्या कोळ्याच्या कष्टांपुढे कुणीही नम्र व्हावं. पण प्रश्न कष्टांचा नव्हताच. लाखो पौंड मिळतात म्हणून करारातली दुसरी बाजू फिकी होत नाही. करार मोडायला किंवा बदलायला भाग पाडावं म्हणून कुणाला छळणं फिफाच्या नियमांतही बसत नाही. २०१८पासून तशी स्पष्ट तरतूद आहे. शिवाय फुटबॉलपटूची उमेदीची वर्षं दहा-बारा. बोगार्डे चेल्सीत आला तेव्हा २९ वर्षांचा होता, निघाला तेव्हा ३३चा. त्यानंतर तो व्यावसायिक सामना खेळलाच नाही.

खरेदीतल्या या चुकांची खरी झळ ज्यांना लागते ते मैदानावर दिसतच नाहीत. मँचेस्टर युनायटेडने २०२४मध्ये सुमारे २५० नोकऱ्या कापल्या, २०२५च्या सुरुवातीला आणखी दोनशेपर्यंत कापण्याची घोषणा केली, आणि बहुतेक कर्मचाऱ्यांचं मोफत जेवणही बंद केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये सहमालक जिम रॅटक्लिफ यांनी मुलाखतीत सांचो, कासेमिरो, अँटनी अशी नावं घेतली. आधीच्या खरेदीचे पैसे अजून फेडतो आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं. हिशेब म्हणून ते खरंही असेल. पण नावं घेतली ती खेळाडूंची; त्यांना निवडून तेवढ्या पैशांवर मान्यता देणाऱ्यांना त्या यादीत जागा नव्हती.

त्या यादीतल्या अँटनीसाठी युनायटेडने २०२२मध्ये आयाक्सला साडेनऊ कोटी युरो मोजले होते. जानेवारी २०२५मध्ये तो सेव्हिलच्या रेआल बेटिस क्लबाला उसना गेला आणि तिथे तोच डावखुरा पोरगा मैदानाच्या त्याच उजव्या कडेवरून गोल करू लागला. बेटिस कॉन्फरन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलं. सप्टेंबरमध्ये त्यांनी त्याला कायमचं घेतलं, सुमारे सव्वादोन कोटी युरोंना.