मित्राची गोष्ट, बापूच्या तोंडून

अंबाजोगाई ही आद्यकवी मुकुंदराजांची भूमी. तेथे मराठीच्या वर्गात बसलेल्या एखाद्या मुलीने दोन स्त्रियांच्या प्रेमाची कथा मागितली, तर आपण तिच्या हाती काय ठेवणार? बहुधा विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’.

१९८१ साली हे नाटक रंगभूमीवर आले, तेव्हा असे प्रेम केंद्रस्थानी आणणे हे धाडसच होते. ते आम्ही नाकारीत नाही. तरीही प्रेमकथा म्हणून वाचताना आमची निराशा होते. कारण नाटकाचा शोकान्त नव्हे. शोकान्त प्रेमकथा मराठीला नव्या नाहीत. खंत ही, की गोष्ट सांगतो बापू. मित्राची तळमळ त्याच्या सहानुभूतीतून गाळून आपल्यापर्यंत पोहोचते. आणि जिच्यावर ती जीव टाकते, त्या नमाचे मन तर बंदच राहते. प्रेमाला दोघी लागतात. येथे एकीची वेदना आहे, दुसरी केवळ निमित्त.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. साहित्याने मात्र बापूच्या सहानुभूतीवरच थांबावे काय? त्या मुलीने स्वतः लिहिलेले ‘मी’ आम्हांला वाचायचे आहे. अडखळत का होईना, तिच्याच बोलीत.